एक बोटभर कवटी आणि दोन खंडांमधली वाट: एका जीवाश्माचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात सहसा नावं झाकतात. इथे ज्यांनी ॲक्विलॉप्स या छोट्या डायनोसॉरावरचा निबंध लिहिला त्यांची नावं झाकण्यात अर्थ नाही, कारण तो निबंध कोणालाही फुकट वाचता येतो. पण उन्हातान्हात माळावर बसून एखादं हाड पहिल्या नजरेत चुकीचं ओळखलं जातं, त्या चुकीला कोणाचं नाव चिकटवायचं नाही एवढा रिवाज मी पाळला आहे. शिवाय ती चूक कशी झाली हे समजलं, की तिला चूक म्हणणंही जड जातं.

पार्श्वभूमी

शिंगवाल्या डायनोसॉरांची ओळख माणसाला उलट्या क्रमाने झाली. आधी सापडले ते सगळ्यात शेवटचे आणि सगळ्यात अवाढव्य. ट्रायसेराटॉप्सला ऑथनिएल मार्श यांनी १८८९ मध्ये नाव दिलं तेव्हा हा सगळा गट अमेरिकेचाच आहे, असं धरून चालण्यात कोणाला वावगं वाटलं नाही. मग १९२२-२३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियमच्या मोहिमा गोबीच्या वाळवंटात उतरल्या आणि तिथून प्रोटोसेराटॉप्स आणि सिटॅकोसॉरस हे छोटे, बिनशिंगाचे, पोपटासारख्या चोचीचे प्राणी निघाले. दोघांचीही नावं १९२३ ची. पुढे चीनने तर चित्रच पालटलं. लिआओनिंग प्रांतातला सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा लिआओसेराटॉप्स २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, गान्सूमधला ऑरोरासेराटॉप्स २००५ मध्ये, आणि २००६ मध्ये शिनजियांगमधून यिनलोंग आला. यिनलोंग जवळपास १६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ज्युरासिक काळातला. शिंग नाही, मानेवर पसरट झालर जेमतेम, पण चोचीच्या टोकाला ते एक हाड आहे.

त्या हाडावर या प्रकरणाची सगळी मदार आहे, म्हणून त्याबद्दल दोन वाक्यं. शाकाहारी डायनोसॉरांच्या एका मोठ्या शाखेत खालच्या जबड्याच्या टोकाला एक जादा हाड असतं. शिंगवाल्यांच्या कुळात तसं हाड वरच्या जबड्याच्या टोकालाही असतं. त्याला रोस्ट्रल म्हणतात आणि ते दुसऱ्या कोणत्याही डायनोसॉरात नाही. शिंगं नसली तरी चालेल, झालर नसली तरी चालेल, रोस्ट्रल आहे म्हणजे प्राणी या कुळातला. 'शिंगवाले' हे नाव या घराण्यातल्या बऱ्याच पूर्वजांना लागूच पडत नाही. पण आडनावं अशीच असतात.

तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला साधारण एकमत असं होतं: कूळ आशियातलं, अमेरिकेतले दांडगे हे नंतर आलेल्यांचे वंशज. कधी आले, कोणत्या वाटेने आले आणि एकदाच आले की पुन्हा पुन्हा, हे सांगायला मात्र हाडं नव्हती.

अडचण

अमेरिकेत या कुळातला नाव दिलेला सगळ्यात जुना प्राणी होता न्यू मेक्सिकोतला झुनीसेराटॉप्स. त्याचं वय सुमारे ९ कोटी वर्षं. आशियात तर १२-१३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात हे प्राणी मुबलक. मधल्या तीनेक कोटी वर्षांत अमेरिकेच्या बाजूला काय होतं? सुटे दात. मेरीलँडपासून युटापर्यंत काही ठिकाणी मिळालेले आणि 'या कुळातले असावेत' एवढंच सांगणारे. सोबत थोडी धडाची हाडं, त्यांच्यावरूनही जात ओळखता येईना.

दात ही वाईट साक्ष असते असं नाही. पण पाला खाणाऱ्या लहान डायनोसॉरांचे दात एकमेकांसारखे होत जातात. काम सारखं, म्हणून हत्यार सारखं. नुसत्या दातावरून खंड ओलांडल्याचा दावा करणं म्हणजे वाटेत सापडलेल्या नालावरून घोड्याचा मालक ठरवणं.

एका हाडावर मोठा दावा उभारला की काय होतं याची उदाहरणं या कुळातच आहेत. पॅटागोनियातल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून १९१८ मध्ये नोटोसेराटॉप्स हे नाव दिलं गेलं. पुढे तो तुकडाच हरवला. ऑस्ट्रेलियात पुढच्या पायाच्या एका हाडावरून २००३ मध्ये सेरेन्डिपासेराटॉप्स आला, आणि तो या कुळातला आहे की चिलखती डायनोसॉरांपैकी, हा वाद नंतर चालतच राहिला. दक्षिणेकडच्या खंडांवर शिंगवाले पोहोचले होते की नाही हा केवढा प्रश्न, आणि तो टांगलेला एकेका तुकड्यावर.

(आपल्याकडचं काय, हे मराठी वाचक विचारणारच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला किंवा जबलपूरला लॅमेटा शैलसमूहात लांब मानेच्या टायटॅनोसॉरांची हाडं मिळतात, या कुळातलं काही नाही. या प्रकरणातला प्राणी जगला तेव्हा, म्हणजे साडेदहा कोटी वर्षांपूर्वी, भारताचा तुकडा मादागास्करला चिकटलेला, दक्षिण गोलार्धात, समुद्राने वेढलेला होता. आशियातून निघालेल्या प्राण्याला इथे यायला वाटच नव्हती.)

पहिला निर्णय: माळावर

१९९७ चा उन्हाळा. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या सॅम नोबल संग्रहालयाची एक तुकडी मोंटाना राज्याच्या दक्षिण भागात क्लोव्हर्ली शैलसमूहात काम करत होती. मोहिमेचे प्रमुख रिचर्ड सिफेली हे मुळात डायनोसॉरांच्या काळातल्या सस्तन प्राण्यांचे अभ्यासक. म्हणजे नजर बारीक गोष्टींवर. क्लोव्हर्ली डायनोसॉरप्रेमींना माहीत असतो तो डायनोनिकसमुळे. जॉन ऑस्ट्रम यांनी १९६९ मध्ये ज्याचं वर्णन करून डायनोसॉर-पक्षी नात्याची चर्चा पुन्हा पेटवली तो हा प्राणी. त्याच खडकात टेनॉन्टोसॉरस, चिलखती सॉरोपेल्टा आणि झेफिरोसॉरस नावाचा दोन पायांवर धावणारा छोटा शाकाहारी प्राणीही मिळतो.

तुकडीतल्या एका अनुभवी तंत्रज्ञाला लहानशी कवटी दिसली. आकार पाहता अंदाज झाला, झेफिरोसॉरस असावा.

हा अंदाज वाजवी होता. त्या खडकात त्या मापाचा शाकाहारी म्हणून ओळखीचा तोच एक होता. जो प्राणी यादीतच नाही तो दगडातून डोकावणाऱ्या चार हाडांवरून कोणाला सुचणार? महत्त्वाचं म्हणजे अंदाज 'ओळखीचा प्राणी' असा असूनही कवटी नीट उचलली गेली, जागेची नोंद झाली, आणि नमुना कामाच्या टेबलापर्यंत पोहोचला. 'हा तर आपल्याकडे आहेच' असं म्हणून मागे ठेवलेल्या दगडांची गणती कोणी ठेवत नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णायक क्षण हाच, आणि निबंधांत अशा क्षणांना ओळसुद्धा मिळत नाही.

दुसरा निर्णय: टेबलावर

दगडातून हाड मोकळं करणं हे सुईचं काम आहे. भिंगाखाली कणाकणाने दगड सुटतो, आठवडे जातात. ज्याने कवटी शोधली त्याच हातांनी ती साफही केली, आणि चोचीपाशी पोहोचल्यावर रोस्ट्रल समोर आलं.

झेफिरोसॉरसला रोस्ट्रल नसतं. दुसऱ्या कोणालाच नसतं.

या कवटीचं रोस्ट्रल तर खाली जोरदार वळलेलं, गरुडाच्या चोचीसारखं, आणि त्यावर मधोमध एक टेंगूळ. डोळ्याच्या खोबणीपुढचा खळगा लांबट आणि टोकदार. चोचीच्या टोकापासून गालाच्या हाडाच्या टोकापर्यंतचं अंतर ८४ मिलिमीटर. मधल्या बोटावर मावेल एवढी कवटी. शिंग नाही. या मापावरून प्राण्याची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर आणि वजन दीडेक किलो धरलं गेलं, म्हणजे घरातल्या बोक्याच्या निम्मं.

तिसरा निर्णय: नाव द्यायचं की थांबायचं

१९९७ ला सापडलेला नमुना (संग्रहालयाच्या नोंदवहीत ओएमएनएच ३४५५७) निबंधात आला तो डिसेंबर २०१४ मध्ये, 'प्लॉस वन' या खुल्या नियतकालिकात. लेखक चौघं: अँड्र्यू फार्क, डेस्मंड मॅक्सवेल, रिचर्ड सिफेली आणि मॅथ्यू वेडेल. फार्क शिंगवाल्यांचे जाणकार. वेडेल एरवी लांब मानेच्या सॉरोपॉडांत रमणारे. मधली सतरा वर्षं या क्षेत्रात फार मानत नाहीत. संग्रहालयांच्या कपाटांत याहून जास्त वर्षं पडून राहिलेले नमुने पुष्कळ.

समोर तीन पर्याय होते. एक, 'या कुळातली एक कवटी' एवढंच लिहून नाव न देणं. दोन, आणखी नमुने मिळेपर्यंत थांबणं. तीन, नवं नाव देणं.

नाव देण्यातला धोका उघड होता: एकच नमुना, आणि तोही पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा नसण्याची शक्यता. या कुळात वयाप्रमाणे तोंडवळा इतका बदलतो, की पिल्लाला वेगळी जात समजण्याचे प्रकार पूर्वी झाले आहेत. त्यामुळे प्रश्न असा ठेवावा लागतो, की ही वैशिष्ट्यं वयामुळे दिसत असतील का? प्रोटोसेराटॉप्स किंवा सिटॅकोसॉरस यांची पिल्लापासून मोठ्यापर्यंतची रांगच हाताशी आहे, तिच्याशी ताडून पाहता येतं. जे वैशिष्ट्य कोणत्याच नातेवाइकात कोणत्याच वयात दिसत नाही, ते वयाच्या माथी मारता येत नाही. चोचीवरचं टेंगूळ आणि टोकदार खळगा असेच निघाले.

तिसरा पर्याय निवडला गेला आणि प्राणी ॲक्विलॉप्स अमेरिकॅनस झाला. लॅटिनमध्ये ॲक्विला म्हणजे गरुड, ग्रीकमध्ये ऑप्स म्हणजे मुद्रा: गरुडमुख्या.

मला हा निर्णय पटतो, पण कारण वेगळं आहे. नाव नसलेलं हाड इतरांच्या नात्यांच्या तक्त्यांत शिरत नाही. आणि स्थलांतराचा प्रश्न तक्त्यांवरच सुटतो.

चौथा निर्णय: आला कुठून, कोणत्या वाटेने

इथे 'स्थलांतर' या शब्दाशी जरा भांडावं लागतं. मराठीत तो ऐकला की बैलगाडी भरून कारखान्याच्या रस्त्याला लागलेली ऊसतोडीची कुटुंबं दिसतात, नाहीतर उजनीवर येणारे रोहित. निघायचं, पोहोचायचं, परतायचं. ॲक्विलॉप्सच्या पूर्वजांनी असं काही केलं नाही. दीड किलोचा प्राणी आशियातून मोंटानाला चालत जात नाही. झालं ते घाणेरीसारखं. ते अमेरिकेतलं झुडूप आपल्या डोंगरांवर शिरलं आणि बांध-बांध करत पसरलं. एका झुडपाने प्रवास केला नाही, वस्तीची कड सरकत गेली. हिशेब करून पाहा: दर पिढीला कड एक किलोमीटर पुढे सरकली आणि पिढी पाच वर्षांची धरली, तर दहा हजार किलोमीटरना पन्नास हजार वर्षं लागतात. खडकांच्या कालमापनात पन्नास हजार वर्षं म्हणजे काहीच नाही. म्हणून जीवाश्मांत वाटचाल दिसत नाही, फक्त 'इथे नव्हते' आणि 'इथे आहेत' एवढंच दिसतं.

संशोधकांसमोर तीन शक्यता होत्या.

पहिली, कोणी कुठून आलंच नाही. उत्तरेकडचे खंड जोडलेले असताना हे कूळ सगळीकडे होतं, जमीन फुटली आणि दोन्हीकडे वेगळं वाढलं. ऐकायला साधी, आणि साधी म्हणून मोहक. पण अमेरिकेतल्या मॉरिसन शैलसमूहात ज्युरासिकच्या शेवटच्या काळातल्या डायनोसॉरांची हाडं ढिगांनी मिळाली आहेत, दीडशे वर्षं खणणं चालू आहे, आणि या कुळाचा पत्ता नाही. त्याच सुमाराला शिनजियांगमध्ये यिनलोंग हिंडत होता. शिवाय ॲक्विलॉप्सची नात्याची मांडणी केली तेव्हा तो लिआओसेराटॉप्स, ऑरोरासेराटॉप्स यांच्या घोळक्यात बसला. त्याचे जवळचे भाऊबंद आशियात, आणि थोरले नातेवाईकही आशियात. कोट्यवधी वर्षं वेगळा वाढलेला प्राणी असा भावांच्या मधोमध बसत नाही.

दुसरी, युरोपमार्गे. पश्चिमेला सरकत युरोप, तिथून उत्तर अटलांटिकच्या बाजूने अमेरिका. तिसरी, पूर्वेकडून, आजच्या सैबेरियाच्या टोकावरून अलास्काकडे, म्हणजे बेरिंजिया.

निबंधाने झुकतं माप तिसऱ्या वाटेला दिलं, पण शिक्का मारला नाही. मार्ग संदिग्ध आहे असंच लिहिलं, आणि बेरिंजिया जास्त संभवतो याचं कारण दिलं: क्रिटेशसच्या, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या काळाच्या, पूर्वार्धात युरोपात या कुळाचं काही मिळालेलं नाही. हे कारण अभावाचं आहे. जे सापडलं नाही त्याच्या आधारावरचं. लेखकांना त्याची जाण होती हे वाक्यरचनेवरून कळतं. बातम्यांमध्ये मात्र 'आशियातून आलेला डायनोसॉर' एवढंच उरलं.

दुसरा आधार शेजाऱ्यांचा. गोबिकॉनोडॉन हा सस्तन प्राणी आधी मंगोलियातून माहीत झाला, १९७८ मध्ये. दहा वर्षांनी त्याच कुळातली एक जात क्लोव्हर्लीतून वर्णिली गेली. इतरही काही गटांत अशीच जोडी दिसते: आधी आशिया, मग क्रिटेशस पूर्वार्धाच्या उत्तरार्धात अमेरिका. एकटा प्राणी असता तर योगायोग म्हटलं असतं. घरभर सामान एकदम हललेलं दिसलं की दार उघडलं होतं हे मान्य करावं लागतं.

वयाच्या बाबतीतही त्यांनी आकडा कुटला नाही. १०.४ ते १०.९ कोटी वर्षं असा पट्टा दिला.

फलित

अमेरिकेतल्या नाव असलेल्या शिंगवाल्यांचा इतिहास एका बोटभर कवटीने दीड-दोन कोटी वर्षं मागे गेला. सुट्या दातांना पाठबळ मिळालं.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. ॲक्विलॉप्स ट्रायसेराटॉप्सचा आजोबा नाही. तो नात्याच्या झाडावर बराच खाली, वेगळ्या फांदीवर आहे. म्हणजे ॲक्विलॉप्सची मंडळी आली, राहिली आणि तिथेच संपली. पुढच्या दांडग्यांचे पूर्वज दुसऱ्या खेपेला आले. लेप्टोसेराटॉप्ससारख्या बुटक्यांची आणखी वेगळी खेप. नंतरच्या काळातल्या जाती कुठे आणि कधी मिळतात हे मांडून निबंधाने असं चित्र काढलं: क्रिटेशसच्या उत्तरार्धाच्या सुरुवातीपर्यंत दोन खंडांमधला रस्ता अधूनमधून उघडा, मग बराच काळ बंद, आणि अगदी शेवटी पुन्हा उघडा. शेवटच्या उघडीपीची साक्ष चीनच्या शानडोंग प्रांतातला सिनोसेराटॉप्स देतो. २०१० मध्ये वर्णिलेला हा प्राणी अमेरिकी बांध्याचा, मोठ्या शिंगवाल्यांपैकी, आणि सापडला आशियात. म्हणजे कोणीतरी उलटही गेलं.

त्या वाटेवरचं हवामान प्राण्यांना झेपलं असेल का, ही शंका कोणी काढली तर अलास्काच्या उत्तर टोकाला सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी राहणारा पॅकिरायनोसॉरस दाखवता येतो. ॲक्विलॉप्सच्या कितीतरी नंतरचा, पण महिनोन् महिने काळोख असणाऱ्या भागात हे कूळ तग धरू शकत होतं एवढं त्यावरून सिद्ध होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सतरा वर्षांबद्दल हळहळायचं तर थोडी हळहळता येईल. रोस्ट्रल दिसल्या दिवशी दोन पानांची टिपणी छापली असती, नाव न देता, तर अमेरिकेत या काळातली कवटी आहे हे इतरांना लवकर कळलं असतं. २००२ ते २००६ मध्ये चीनमधून नव्या जाती धडाधड येत होत्या. त्यांच्या तक्त्यांत ही कवटी बसवून पाहिली गेली असती. उलट बाजूही खरी आहे: त्या जाती आल्या म्हणूनच २०१४ मध्ये ताडायला काहीतरी होतं. लिआओसेराटॉप्स प्रसिद्ध होण्याआधी ॲक्विलॉप्स छापला असता तर त्याचं नातं कशाशी जोडलं असतं?

अभावाच्या पुराव्यावर मात्र माझा आक्षेप मोठा आहे, आणि तो नंतरच्या घडामोडींमुळे वाढला. हंगेरीतल्या इहारकुट इथून २०१० मध्येच अज्कासेराटॉप्स वर्णिला गेला होता. सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ॲक्विलॉप्सहून बराच अलीकडचा, आणि पुरावा चोचीच्या तुकड्यांचा. २०२४ मध्ये तो या कुळातला नसावा अशी शंका छापून आली. मग २०२६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निबंधाने नव्या कवटीच्या आधारे तो शिंगवाल्यांतलाच ठरवला, आणि त्याहून मोठी गोष्ट सांगितली: युरोपात ऱ्हॅब्डोडॉन्टिड म्हणून नोंदलेली काही हाडं मुळात याच कुळातली आहेत.

ऱ्हॅब्डोडॉन्टिड म्हणजे शाकाहारी, चोचवाले, आणि त्या खडकांत आधीपासून यादीत असलेले. मोंटानाच्या माळावर झेफिरोसॉरसने जी जागा घेतली होती तीच युरोपात त्यांनी घेतली. हे प्राणी क्रिटेशसच्या उत्तरार्धातले आहेत, त्यामुळे बेरिंजियाची वाट लगेच बाद होत नाही. पण 'युरोपात नव्हते' हे वाक्य ज्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून लिहिलं जातं, त्या चिठ्ठ्या कोणी आणि कोणत्या यादीवरून लिहिल्या, हा प्रश्न २०१४ मध्येही विचारता आला असता.

माझ्या हातात असतं तर दोन कामं आधी केली असती. क्लोव्हर्लीतून आलेल्या आणि 'झेफिरोसॉरस, बहुधा' अशी चिठ्ठी असलेल्या सगळ्या पेट्या पुन्हा टेबलावर. आणि युरोपातल्या क्रिटेशस पूर्वार्धाच्या खडकांतून आलेले, 'छोटा ऑर्निथोपॉड' (दोन पायांवर चालणारा शाकाहारी) एवढंच लिहून ठेवलेले जबडे चोचीच्या टोकापासून पुन्हा पाहायला. त्यातले बरेच खरोखरच छोटे ऑर्निथोपॉड निघतील.